कारवारची ‘चपल’ सहकुटुंब कशी पाहावी

बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, दसऱ्याच्या सुट्टीत त्यांना दोन दिवस मोकळे मिळत आहेत आणि मुलांना समुद्र व लढाऊ जहाजांचे संग्रहालय दाखवायचे आहे. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची, आणि बरोबर सत्तरीच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. गोव्याला जावे की कारवारला, मुले कंटाळतील काय, सासूबाईंना झेपेल काय, आणि तिथे जाऊन नेमके पाहायचे काय, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी सत्तावीस वर्षे खानापूर तालुक्यात माध्यमिक शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवला, आणि त्यातली बरीच वर्षे शाळेच्या सहलींची जबाबदारी माझ्याकडे होती. निवृत्तीनंतर नातेवाईक, शेजारी आणि जुने विद्यार्थी यांच्याबरोबर त्याच जागी पुन्हा पुन्हा जाणे झाले. त्या अनुभवावरून आधी निर्णय सांगतो आणि मग कारणे देतो. आपण कारवारला जावे, एक रात्र तिथे मुक्काम करावा आणि गोव्याचे संग्रहालय दुसऱ्या सुट्टीसाठी राखून ठेवावे. दोन दिवसांत दोन्ही ठिकाणे उरकण्याचा विचार करू नये. मी एकदा तसे केले होते आणि परतताना मुलांना काय पाहिले असे विचारले, तेव्हा निम्म्या मुलांनी वाटेतल्या हॉटेलातल्या माशांच्या टाकीचे वर्णन केले. दोष मुलांचा नव्हता. एका दिवसात वीस-पंचवीस लोखंडी वस्तू डोळ्यांसमोरून गेल्या की मुलांच्या मनात त्यातली एकही उरत नाही.

कारवार निवडण्याचे मुख्य कारण असे की, तिथे रवींद्रनाथ टागोर समुद्रकिनाऱ्यावर भारतीय नौदलाची एक खरी क्षेपणास्त्र नौका, ‘आयएनएस चपल’, जमिनीवर चढवून ठेवली आहे आणि तिच्या आत शिरता येते. २००५ मध्ये ती नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली आणि २००६ मध्ये तिचे संग्रहालय झाले. अलीकडे तिच्या शेजारीच नौदलाचे ‘तुपोलेव टीयू-१४२’ हे अतिप्रचंड टेहळणी विमानही आणून ठेवले आहे. एक नौका, एक विमान आणि समोर समुद्र, इतकेच तिथे आहे, आणि मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबासाठी तेवढेच पुरेसे आहे. प्रतिकृती आणि छायाचित्रे काचेआड असतात. इथे लोखंडाला हात लावता येतो, शिडीची कड धरता येते, दारातून वाकून जावे लागते. ज्या गोष्टीसाठी वाकावे लागले ती गोष्ट मूल विसरत नाही.

तयारी मात्र घरीच झाली पाहिजे, आणि तिला पैसा लागत नाही. जाण्याच्या आदल्या रविवारी मुलाला सुतळीचा एक मोठा गुंडा आणि मोजपट्टी द्यावी आणि गल्लीत ३८ मीटर मोजायला सांगावे. ‘चपल’ साधारण तेवढी लांब आहे, आणि रुंदी साडेसात मीटरच्या आसपास. सुतळीच्या एका टोकाला त्याने उभे राहावे, दुसऱ्या टोकाला धाकट्या बहिणीने, आणि मग आजीने दारातूनच पाहून सांगावे की एवढ्या जागेत किती घरे बसतात. या नौकेवर सुमारे तीस माणसे राहत, जेवत, झोपत आणि काम करत, हे त्या वेळी सांगितले की आकड्याला अर्थ येतो. तीच सुतळी आणखी १२ मीटर वाढवली की ५० मीटर होते. तुपोलेवच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर तेवढे आहे. आपल्याकडच्या बहुतेक गल्ल्यांत ते विमान आडवे मावणारच नाही, आणि मुलाला हे स्वतः मोजून कळले पाहिजे.

दुसरा प्रयोग बादलीतला. एक खिळा पाण्यात टाकावा, तो बुडतो. मग स्टीलची वाटी अलगद ठेवावी, ती तरंगते. मग वाटीत एकेक खिळा टाकत जावे आणि ती किती खाली जाते ते पाहावे. वाटी जितके पाणी बाजूला सारते तितके वजन ती पेलते, आणि त्यापलीकडे भार गेला की बुडते, हे सहा वर्षांच्या मुलीलाही दिसते. ‘चपल’ पूर्ण भरलेली असताना सुमारे २४५ टन पाणी बाजूला सारत असे, आणि जहाजाचे वजन सांगताना नौदलात हाच आकडा सांगतात. कारवारला पोहोचल्यावर नौकेसमोर उभे राहून हे समजावत बसण्यापेक्षा स्वयंपाकघरात आधी दाखवलेले बरे, कारण तिथे ऊन असते, वारा असतो आणि मुलांचे लक्ष लाटांकडे असते.

आता रस्ता. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट, गणेशगुडी, जोयडा, अणशी, कद्रा असे करत कारवार दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण घाट आणि जंगल असल्यामुळे चार तास तरी धरावेत. या रस्त्यावर भूगोलाचा एक असा धडा आहे की मला तो संग्रहालयाइतकाच महत्त्वाचा वाटतो. बेळगाव शहर अरबी समुद्रापासून सरळ रेषेत फार दूर नाही, तरी आपल्या अंगणात पडलेला पाऊस त्या समुद्राला जात नाही. राकसकोप जलाशयाचे पाणी मार्कंडेय नदीचे. मार्कंडेय घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. खानापूरजवळ मलप्रभेचा पूल ओलांडतानाही मुलांना सांगावे की हे पाणी कणकुंबीला उगम पावून पूर्वेकडे, कूडलसंगमला कृष्णेत जाते. लोंढ्याच्या पुढे मात्र पाण्याची दिशा बदलते. तिथली पांढरी नदी काळी नदीला मिळते, आणि काळी गणेशगुडीजवळच्या सुपा धरणातून आणि कद्र्याच्या धरणातून खाली उतरत कारवार आणि सदाशिवगड यांच्या मधून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे सकाळी एका समुद्राच्या पाण्याजवळून निघून दुपारी दुसऱ्या समुद्राच्या काठावर आपण पोहोचतो. मुलाच्या हातात साधा नकाशा द्यावा आणि पाणी कुठे वळले ती जागा त्याला पेन्सिलीने खूण करून दाखवायला सांगावी; घाटाच्या वळणांत मात्र पोट ढवळू नये म्हणून नकाशा मिटून खिडकीबाहेर पाहावे.

अणशीचा परिसर काळी व्याघ्र राखीव क्षेत्रात येतो, म्हणून जंगलात गाडी थांबवून डबे उघडू नयेत. जेवायचे असेल तर जोयड्याला थांबावे. ज्या वर्षी पाऊस लांबतो त्या वर्षी या घाटात दरडी पडतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी.

संग्रहालयात जाण्याची वेळ सकाळी लवकर किंवा चारनंतरची ठेवावी. ऑक्टोबरमध्ये कारवारचे ऊन आपल्याकडच्या उन्हासारखे नसते. दमट हवेत दुपारी लोखंडी डेक असा तापतो की मुलांना चपलांतूनही चटका जाणवतो. उघडण्याच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी बदलू शकते, देखभालीसाठी एखादा भाग बंद असू शकतो, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

नौकेसमोर उभे राहिल्यावर लगेच आत शिरू नये. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारावी. पुढच्या टोकाला, ज्याला कोकणात नाळ म्हणतात, थांबून ती किती चिंचोळी आहे ते पाहावे. पाणी कापायचे काम तिचे. समुद्रात असताना जो तळाचा भाग कधीच दिसत नाही तो इथे डोळ्यांसमोर असतो. मग दोन्ही बाजूंना पाहावे. प्रत्येक बाजूला दोन, असे एकूण चार मोठे लांबट नळकांड्यांसारखे डबे तिरपे बसवलेले दिसतील. त्यांत क्षेपणास्त्रे असत. पी-१५ या सोव्हिएत क्षेपणास्त्राला पाश्चात्त्य देश ‘स्टिक्स’ म्हणत. एकेक क्षेपणास्त्र दोन टनांहून अधिक वजनाचे, आणि त्याच्या टोकात साडेचारशे किलोच्या आसपास स्फोटके. नौका स्वतः २४५ टनांची, आणि तिच्यावर अशी चार. बाकी स्वसंरक्षणासाठी पुढे एक आणि मागे एक, अशा ३० मिलिमीटरच्या दोन दुनळी तोफा आहेत.

इथे एका चुकीबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते, कारण ती मी स्वतः वर्गात केली होती. ‘चपल’ने १९७१ च्या युद्धात कराचीवर हल्ला केला, असे अनेक जण मुलांना सांगतात. पहिल्या सहलीत मीही तसेच सांगितले. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने वही उघडून विचारले की, गुरुजी, नौका १९७६ ची असेल तर ती १९७१ च्या लढाईत कशी होती? तिने वर्ष माहिती लिहिलेल्या फलकावरून उतरवून घेतले होते. तिचे बरोबर होते. ‘चपल’ १९७६ मध्ये नौदलात दाखल झाली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या तीन क्षेपणास्त्र नौका ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या होत्या आणि त्यांच्या सोबतीला ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या युद्धनौका होत्या. त्या रात्री पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौका बुडाली. त्यानंतर ८ डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ने पुन्हा मारा केला. ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून पाळतात तो त्या पहिल्या रात्रीमुळे.

आपल्या मुलाला हा फरक नावांवरून आणि आकारावरून ओळखता येईल, आणि तसा त्याला तो ओळखायला लावावा. १९७१ च्या युद्धापूर्वी आलेल्या आठ नौकांची नावे ‘व’ आणि ‘न’ या अक्षरांनी सुरू होतात: वीर, विद्युत, विजेता, विनाश, निपात, नाशक, निर्भीक, निर्घात. युद्धानंतर आलेल्या आठ नौकांची ‘प’ आणि ‘च’ या अक्षरांनी: प्रबळ, प्रलय, प्रताप, प्रचंड, चपल, चमक, चातक, चराग. आधीच्या नौकांवर क्षेपणास्त्राचे पंख दुमडत नसत, म्हणून त्यांचे डबे मोठ्या चौकोनी खोक्यांसारखे होते. नंतरच्या क्षेपणास्त्रांचे पंख दुमडता येऊ लागले, तेव्हा गोल नळकांडी पुरली. ‘चपल’वरचे गोल डबे पाहूनच कळते की ही धाकट्या पिढीची नौका आहे. इतिहासाचे पुस्तक बाजूला ठेवून लोखंडावरून साल काढता येते, याचा आनंद अकरा वर्षांच्या मुलाला फार होतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

आत शिरताना तीन गोष्टी आधी सांगाव्यात. शिडी उतरताना तोंड शिडीकडे आणि पाठ बाहेर ठेवावी, घरच्या जिन्यासारखे समोर पाहत उतरू नये. दारांना खाली उंच उंबरठा असतो. पाणी एका खोलीतून दुसरीत जाऊ नये म्हणून तो असतो, आणि नडगीला लागला की डोळ्यांत पाणी येते. आणि उंच माणसांनी डोके जपावे. मुलीला पुढे आणि मोठ्या माणसाला तिच्या मागे ठेवण्यापेक्षा उतरताना मोठ्याने आधी उतरावे आणि मग तिला खाली घ्यावे.

आत गेल्यावर घाई करू नये. एका जागी दोन मिनिटे गप्प उभे राहावे आणि मुलांना सांगावे की आता इथे तीस माणसे आहेत अशी कल्पना करा, नौका तासाला सुमारे सत्तर किलोमीटर वेगाने लाटांवर आपटत चालली आहे आणि शेजारच्या माणसाचा आवाज इंजिनांच्या गडगडाटात ऐकू येत नाही. या वर्गातल्या नौकांना तीन डिझेल इंजिने असत आणि प्रत्येक इंजिनात ५६ सिलिंडर तारकेच्या आकारात बसवलेले असत. घरच्या मोटारसायकलीला एक सिलिंडर असतो, मोटारीला बहुधा तीन किंवा चार. एवढी ताकद इतक्या लहान शरीरात कोंबली की वेग मिळतो, पण इंधन भराभर संपते आणि राहायला जागा उरत नाही. म्हणूनच या नौका लांबच्या सफरीसाठी नव्हेत, किनाऱ्याजवळून झडप घालून परतण्यासाठी होत्या.

ही रीत आपल्या माणसांना नवी नाही, आणि मी विद्यार्थ्यांना नेहमी इथेच आरमाराची गोष्ट सांगतो. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात गुराब आणि गलबते असत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. गलबत त्याहून लहान, शीड आणि वल्ही दोन्हींवर चालणारे. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी अडकत असे, आणि तेव्हा वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत नेऊन त्याच्या मागच्या बाजूने, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथून मारा करीत. लहान, हलकी, वेगवान आणि आपल्या किनाऱ्याची खडान्‌खडा माहिती असलेली नौका मोठ्या जहाजाला भारी पडू शकते, हे अठराव्या शतकातले सूत्र ‘चपल’च्या डेकवर उभे राहून समजते. कारवारशी तर थेट संबंध आहे. सिंधुदुर्गाची पायाभरणी नोव्हेंबर १६६४ मध्ये झाली आणि त्यानंतर तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन बसरूर बंदरावर गेले. परतीच्या वाटेत गोकर्णाला स्नान करून ते अंकोल्याकडून कारवारला आले, आणि तिथल्या इंग्रज वखारीने आपल्या वाट्याचे ११२ पौंड खंडणी म्हणून भरून माल वाचवला. आज नौदलाच्या ध्वजावर जो अष्टकोन आहे तो महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. सप्टेंबर २०२२ पासून तो ध्वज आला. किनाऱ्यावर तो फडकताना दिसला तर मुलाला त्या अष्टकोनाचे कोपरे मोजायला सांगावे.

फलकांच्या भाषेबद्दल. मराठी फलकाची अपेक्षा ठेवू नये. आपल्या मुलाला शाळेत कन्नड आहे, तेव्हा कन्नड फलक त्याने वाचावा आणि आजीला मराठीत सांगावा. मी हे शाळेत ठरवून करून घेत असे. वर्गात कन्नडच्या तासाला मागे बसणारा मुलगा त्या दिवशी सगळ्या सहलीचा दुभाषी होतो, आणि तेवढ्यासाठी तो एकेक शब्द नीट वाचतो.

आता तुपोलेव. हे विमान १९८८ मध्ये नौदलात आले आणि मार्च २०१७ मध्ये तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या ‘आयएनएस राजाळी’ तळावर निवृत्त झाले. तिथून त्याचे भाग सुटे करून मोठ्या वाहनांवरून कारवारला आणले आणि इथे पुन्हा जोडले. त्याचे काम समुद्रावर तासन्‌तास फिरून पाणबुड्या शोधण्याचे. वरून पाण्यात छोटी श्रवणयंत्रे टाकायची, ती पाण्याखालचा आवाज ऐकून विमानाला कळवणार, आणि विमानातली माणसे त्यावरून पाणबुडी कुठे आहे ते ठरवणार. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसेच हे समुद्राचे ऐकणे आहे, असे सांगितले की सहा वर्षांच्या मुलीला कळते. तिला इथे एकच काम द्यावे. विमानाला चार इंजिने आहेत आणि प्रत्येक इंजिनावर एकामागे एक असे दोन पंखे आहेत, जे परस्परविरुद्ध दिशांना फिरत. एकूण पाती किती, ते तिने मोजून सांगावे. आपण उत्तर सांगू नये आणि घाईही करू नये. गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या मुलीने एकदा एकतीस मोजले, मग पुन्हा पहिल्या इंजिनाखाली जाऊन, बोटाने हवेत एकेक पाते दाखवत, बत्तीस केले, आणि परतीच्या वाटेवर जोयड्यापर्यंत ज्याला त्याला तेच विचारत राहिली.

सासूबाईंसाठी माझे मत स्पष्ट आहे: त्यांना नौकेच्या शिड्यांवर चढवू नये. बाहेरून फेरी त्यांनी जरूर मारावी, डबे आणि तोफा खालूनही दिसतात, पण आतल्या शिड्या उभ्या आहेत आणि दुखऱ्या गुडघ्याला त्या वाईट. म्हातारी माणसे नातवंडांच्या आग्रहापुढे नाही म्हणत नाहीत, म्हणून हे घरीच ठरवून घ्यावे, तिथे नाही. त्या वेळी घरातल्या एकाने त्यांच्याजवळ थांबावे आणि दोघांनी सावलीत बसून समुद्र पाहावा. मग मुले बाहेर आली की त्यांनी आजीला आत काय पाहिले ते सांगावे. पाळीपाळीने थांबण्याची व्यवस्था केली की कुणीच मागे राहिल्यासारखे वाटत नाही. माझ्या आईने वयाच्या बाहत्तराव्या वर्षी कारवारला पहिल्यांदा समुद्र पाहिला. घरातले दोघे मराठा लाईट इन्फंट्रीत गेले होते, त्यामुळे तिला बंदूक, कवायत आणि पलटण हे सारे परिचयाचे होते, पण जहाज नव्हे. ती नौकेकडे फार वेळ पाहत राहिली आणि मग विचारले की, खंदक नाही, झाड नाही, मग गोळी आली तर हे लपतात कुठे. त्या प्रश्नाने मी स्वतः नौदलाच्या लढाईचा विचार नव्याने करायला शिकलो. समुद्रावर आडोसा नसतो. वेग हाच आडोसा. आपल्या सासूबाईंनाही प्रश्न विचारू द्यावेत आणि मुलांनी ते ऐकावेत.

किनाऱ्याला टागोरांचे नाव का, हे मुलगा विचारेल. त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते, आणि तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहायला आले असताना त्यांनी इथे ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. एवढे सांगितले तरी पुरे.

किनाऱ्याजवळ नौदलाचा ‘कदंब’ हा मोठा तळ आहे. तळाच्या दिशेने छायाचित्रे काढू नयेत आणि कुणा नातेवाइकाने ड्रोन आणला असेल तर तो पेटीतच ठेवावा. लाटांत मुलांना एकटे सोडू नये; ऑक्टोबरमध्ये समुद्र शांत दिसतो, पण पावसाळ्यानंतर किनाऱ्याचा उतार बदललेला असतो.

गोव्याचे संग्रहालय पुढच्या वेळी पाहावे असे मी का म्हणालो, तेही सांगतो. बोगमाळोजवळचे नौदल विमान संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे आणि सोमवारी बंद असते. चोर्ला घाटाने, जांबोटी आणि कणकुंबीवरून, तिथे जाता येते. अंगणात विमाने सपाट जागेवर उभी असल्यामुळे सासूबाईंना ते कारवारपेक्षा सोपे जाईल. पण तिथे पुष्कळ विमाने एकत्र आहेत, आणि आधी एकच विमान नीट पाहिलेले असेल तर तिथल्या गर्दीतही मुलाला काय शोधायचे ते कळते. तिथे पंख दुमडलेले ‘अलिझे’ पाहावे. जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर जागा कमी, म्हणून विमानांना पंख दुमडावे लागत, जसे क्षेपणास्त्राला लहान डब्यासाठी दुमडावे लागले. तिथे तीन शेपट्यांचे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ही आहे. ते नौदलाच्या ज्या ३१२ क्रमांकाच्या पथकात होते, त्याच पथकात पुढे तुपोलेव आले. कारवारला पात्या मोजलेली मुलगी तिथे त्या विमानाची मावशी भेटल्यासारखी जाईल. मुंबईत ‘विक्रांत’ पाहू असे घरात कुणी सुचवले, तर ती जुनी नौका आता नाही, ती मोडीत निघाली, हे सांगावे. पाणबुडी पाहायची हौस असेल तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ आहे, पण तो दोन दिवसांचा प्रवास नव्हे.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. कारवारला मासे ताजे मिळतात आणि सोलकढी उत्तम असते. पहिल्या दिवशी मात्र घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी, म्हणजे वाटेत उशीर झाला तरी मुले चिडत नाहीत.

दोन दिवसांची आखणी अशी करावी. पहिल्या दिवशी सकाळी सातला निघून दुपारी पोहोचावे, विश्रांती घ्यावी, चारनंतर फक्त तुपोलेव आणि किनारा. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्याबरोबर ‘चपल’, तीही एक तासापेक्षा अधिक नाही. मग दुपारचे जेवण लवकर उरकून दीडच्या आत कारवार सोडावे, म्हणजे अणशीचा घाट उजेडात संपतो, जोयड्याला चहा होतो आणि अंधार पडता पडता खानापूरचा मलप्रभेचा पूल लागतो.